ड्रममागचा पाला

“मग खाल्लं काय तिनं? वारा खाल्ला?”

“आई, काल मी सुबाभूळ आणली आणि बोरीचे चार फाटे. झाडावर चढून, आकडीनं तोडून आणले. सगळ्यांनी खाल्लं, सगळ्या रवंथ करत बसल्या. तुम्हीच बघून दिवा मालवलात.”

“आणि परवाचा तो कात्रीचा कचरा?”

“त्यातलं चांगलं तेवढंच निवडून घातलं. परवाचं खाल्लेलं आज सकाळी कशाला बाधेल?”

“आता तू मला शिकव.”

दोघींच्या मध्ये काळी शेळी आडवी पडली होती. मान लांब टाकलेली, डोळे अर्धे उघडे, तोंडाला लाळेची तार. मधूनच ती दात खायची आणि तो करकर आवाज पत्र्याच्या गोठ्यात असा घुमायचा की बोलणारीचं वाक्य अर्ध्यावर तुटायचं. सासू फतकल मारून खाली बसली होती, काळीचं डोकं मांडीवर घेऊन. सून दारात उभी होती. हातातली पाण्याची बादली खाली ठेवायचं तिला सुचलंच नव्हतं.

शेजारचा इस्त्रीवाला सायकल दामटत गुरांच्या डॉक्टरला आणायला गेला होता. जाताजाता म्हणाला होता, “मावशी, मी येईपर्यंत तुम्हा दोघींपैकी कुणी आडवं पडू नका, डॉक्टर एकच आहे.” एरवी सासूनं त्याला असं काही सुनावलं असतं की त्याची इस्त्री गार पडली असती. आज ती काळीच्या तोंडाची लाळ पुसत राहिली.

तिचा आवाज मात्र चढलेलाच होता, आणि तो चढलेला राहणं तिला भाग होतं. कारण पहाटे, सून नळावर गेलेली असताना, ड्रममागचं पोतं तिनं स्वतःच्या हातानं सोडलं होतं, आणि त्यातला पाला काळीच्या तोंडासमोर टांगला होता. हे सुनेला माहीत नव्हतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशाच असतात. फक्त बोंब मारणाऱ्याला ती किती वेळ मारत राहावी लागते, ते म्हणीत येत नाही.

या सासूला सगळी वस्ती आकडी म्हणायची. आकडी म्हणजे लांब बांबूच्या टोकाला बांधलेला विळा. झाडाखाली उभं राहून ती वर फिरवायची, हिसका द्यायचा, की फांदी खाली. लग्न होऊन आली तेव्हा ती स्वतः त्या बांबूसारखीच उंच आणि काटक होती, आणि जिभेला विळ्याची धार होती, म्हणून हे नाव. नवरा लवकर गेला. मागे राहिला एक मुलगा आणि दोन शेळ्या. शेळ्या दोनाच्या चार झाल्या, चाराच्या आठ. त्यांच्या दुधावर आणि करडांवर मुलगा वाढला, ट्रक चालवायला शिकला, आता दूरदूरच्या फेऱ्या करायचा. आकडीकडे ना शेत ना कुरण. शेळ्या घराच्या मागच्या बाजूला पत्र्याखाली बांधलेल्या, आणि त्यांच्या तोंडी पडणारा पाला रोज गावभर हिंडून आणलेला. कुठल्या रस्त्यावरचं झाड कधी फुटतं, कुठला वॉचमन दुपारी डुलकी काढतो, कुणाच्या कुंपणावरून कुठली फांदी बाहेर डोकावते, हे तिला पाठ होतं. एका झाडाला लागोपाठ हात लावायचा नाही, शेंडा तोडायचा नाही. पाला जमिनीवर टाकायचा नाही, दोरीला उंच टांगायचा. शेळी मागच्या पायांवर उभी राहून खाते तेव्हा तिला खाल्ल्यासारखं वाटतं. पायाखाली तुडवलेल्या पानाला ती तोंड लावत नाही. आकडी म्हणायची, माणसांपेक्षा माझ्या शेळ्यांना मान जास्त.

आणि तिचा एक नियम सगळ्यांच्या वरचा होता: शेळीला विचारायचं. वस्तीतलं कुणी अनोळखी पानं घेऊन आलं की आकडी झाडाचं नावही विचारत नसे. एक डहाळी काढायची, काळीच्या नाकासमोर धरायची. काळीनं तोंड फिरवलं की पाला परत. खाल्ला की चांगला. काळीच्या आधी तिची आई हे काम करायची, त्याआधी आणखी कुणी. “पानाला नाव माणसानं दिलंय,” आकडी म्हणायची, “शेळीचं तोंड खोटं बोलत नाही.” इतकी वर्षं ते खोटं बोललं नव्हतं. लोक हसायचे, पण पानं घेऊन यायचेच.

गेल्या वर्षी ती शेवग्यावर चढली आणि फांदी तिच्यासकट खाली आली. खांदा जोडला गेला, पण हात खांद्याच्या वर जाईना. शेळ्यांसाठी गावभर फिरलेली आकडी दाराच्या मागे उभी राहिली, म्हणजे तो बांबू. आणि बाई त्याच्या शेजारी बसली. मग आकडी सुनेनं उचलली.

सून आधी हातमोज्यांच्या कारखान्यात होती. शेळी लांबून बघितलेली. पहिले दिवस रडत-रडत काढले, गुडघे फोडून घेतले, पण शिकली. नुसती शिकली नाही, तर तिनं आपली वाट काढली. मोठमोठ्या कचेऱ्यांच्या आवारात माळी कुंपणं छाटतात आणि ढीग फेकून देतात, हे तिनं हेरलं. माळ्याशी बोलून ठेवलं. चढणं नाही, वॉचमनची बोलणी नाही. पोतं भरायचं आणि घरी येऊन निवडायचं. दुपार मोकळी व्हायची. त्या दुपारी ती शिवणकाम करू लागली.

आकडीला हे पटलं नाही. आपण झाडाखाली उभं राहून तोडलेला तो पाला. दुसऱ्यानं छाटलेला तो कचरा. ती त्याला ‘कात्रीचा पाला’ म्हणायची, आणि म्हणताना नाक असं वर करायची की इस्त्रीवाल्यालाही ते भिंतीपलीकडून दिसावं. परवा तिनं नळावर चारचौघींत सांगितलं की आमच्याकडे आता शेळ्या पाळत नाहीत, उकिरडा पाळतात. नळावरचं बोलणं घरी पोचायला कितीसा वेळ लागतो. तेव्हापासून अबोला.

या घरातल्या अबोल्याची एक रीत होती. बोलायचं नाही म्हणजे एकमेकींशी बोलायचं नाही. शेळ्यांशी बोलायला कुणाची ना? लेकी बोले सुने लागे, असं म्हणतात; या घरात लेक नव्हती, म्हणून दोघी शेळ्यांवर भागवायच्या. सासू म्हणायची, “लांबकाने, चहात साखर आहे की विरघळायची राहिली ते विचार गं कुणाला तरी.” सून म्हणायची, “काळे, तुझ्या आजीला सांग, डबा डोळ्यांसमोरच आहे.” मुलगा घरी असला की डोकं धरायचा. इस्त्रीवाला म्हणायचा, शेळ्यांना एवढी बोलणी खायला लागतात, पाला कशाला हवा.

तर परवा संध्याकाळी सूनबाई पोतं घेऊन आली, गोठ्याबाहेर ओतून निवडत बसली. चांगला पाला वेगळा केला. उरलेला परत पोत्यात भरला, तोंड सुतळीनं बांधलं, पोतं पाण्याच्या ड्रममागे सरकवलं. कचऱ्याची गाडी यायची होती, ती काही आली नाही. सून उठली, हात धुतले, गोठ्यात वाकून म्हणाली, “काळे, ड्रममागच्या पोत्याला तोंड लावायचं नाही हं. ते तुमच्यासाठी नाही.”

आकडीनं ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला. आणि तिला काय ऐकू आलं? आजपासून शेळ्यांनी काय खायचं आणि काय नाही, हे मी ठरवणार.

ते तिला दोन रात्री डाचत राहिलं. आज पहाटे शेळ्या ओरडायला लागल्या, दोरीवर काड्याच उरल्या होत्या, आणि सून नळावर. आकडीनं ड्रममागे हात घातला. सुतळी सोडली. आत छाटलेल्या आखूड डहाळ्या, पानं सुकून वळलेली, राखाडी झालेली. गोठ्यात अजून उजाडलं नव्हतं. हीच कण्हेर फुलावर असती तर तिनं रस्त्याच्या पलीकडून ओळखली असती. पण हे सुकलेलं, मशीननं कापलेलं, दहा झुडपांच्या डहाळ्यांत मिसळलेलं. तिनं वास घेतला, वाळल्या गवतासारखा. मग तिनं आयुष्यभर केलं तेच केलं. काळीला विचारलं. काळीनं मान पुढे केली आणि खाल्लं. हिरवी कण्हेर कडू असते, शेळी तिच्यापासून तोंड फिरवते. सुकली की कडूपणा मरतो आणि विष तेवढंच राहतं. काळीला हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि आकडीलाही.

“बघ,” आकडी काळीला म्हणाली, “तुमच्यासाठी नाही म्हणे.”

तिनं दोन मुठी बांधून दोरीला टांगल्या. काळीनं ओढल्या, शेजारी बांधलेल्या लांबकानीनंही मान लांब करून ओढल्या. पलीकडच्या बाजूच्यांची मान पोचत नव्हती. तेवढ्यात नळाकडून बादलीचा आवाज आला, आणि का कुणास ठाऊक, आकडीनं उरलेलं खसकन ओढून पोत्यात कोंबलं.

आता ऊन पत्र्यावर आलं होतं, आणि काळी तिच्या मांडीवर दात खात होती.

डॉक्टर आला तो घाईतच. कुठेतरी गाय अडली होती, तिथून त्याला मध्येच उचलून आणलं होतं, बाह्या वर सरलेल्या तशाच. त्यानं काळीच्या डाव्या कोपरामागे ठोके ऐकायची नळी लावली. काढली, परत लावली.

“ठोका चुकतोय,” तो म्हणाला. “थांबतो, मग पळत सुटतो. काय खायला घातलं?”

सून सांगू लागली, सुबाभूळ, बोर. तो मान हलवत राहिला. यानं असं होत नाही. दुसरं काय? आवारात काही पडलंय? सून आठवत इकडेतिकडे बघत होती आणि तिची नजर ड्रमवर गेली. तिनं बादली सोडून दिली. पाणी सगळ्या गोठ्यात पसरलं. ती ड्रममागे वाकली आणि उठली तेव्हा हातात पोतं होतं, तोंड उघडं, सुतळी लोंबत असलेली.

“कण्हेर आहे यात,” ती म्हणाली. “माळ्यानं सांगितलं होतं, ही गुरांना नको. मी काढून बांधून ठेवली होती.”

डॉक्टरनं मूठभर बाहेर काढलं, बोटांनी चुरलं आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला.

आकडीनं ते ऐकलं. कण्हेर. तिच्या मांडीवरचं डोकं एकदम जड झालं.

“माझंच चुकलं,” सून म्हणत होती. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “गाठ सैल बसली असणार. हिला दोरी सोडवायची खोड आहेच. पहाटे सुटली असेल, तोंड घातलं असेल. कालच पोतं लांब नेऊन टाकायला हवं होतं. आळस केला मी.” मग सासूकडे वळून ती म्हणाली, आणि अबोला सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच तिच्या बोलण्यात धार नव्हती, “आई, तुम्ही म्हणत होतात ते खरं झालं. त्यांचा फोन आला की मीच सांगते.”

आकडीनं मान खाली घातली. तिला बरं वाटलं. ते किती वाईट होतं हे तिला त्याच क्षणी कळलं, तरी बरं वाटलंच. काही बोलायला नको होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसलं की कात्रीचा पाला संपला, मोकळ्या दुपारी संपल्या, आणि आकडीचा शब्द पुन्हा या घरात खरा ठरला.

“एकटीच सुटली होती ना?” डॉक्टर बॅग उघडत म्हणाला. “बाकीच्या बांधलेल्या?”

“हो. सगळ्या.”

“मग बाकीच्यांची काळजी नको. हिला कोळशाची पूड पाजतो. पोटातलं विष ती धरून ठेवते. पण उशीर झालाय. आणि एक, हिला उठवू नका, ओढू नका. दमवलंत तर हृदय तिथंच थांबेल.” पूड थोडीच उरली होती, त्यानं पुडा हलवून बघितला. सगळी हिलाच देऊ, म्हणाला, आणि भांडं मागितलं. गाय तिकडे खोळंबली होती.

सून भांड्यासाठी धावली. आकडीनं मान वर केली आणि लांबकानीकडे बघितलं.

पलीकडच्या सगळ्या शेळ्या रवंथ करत होत्या, गाल डावीउजवीकडे फिरत होते. लांबकानी कोपऱ्यात भिंतीला कपाळ टेकून उभी होती. गाभण होती, दिवस भरत आले होते. तिचा गाल हलत नव्हता. मागचा पाय उचलून ती पोटाला मारू बघत होती आणि परत खाली ठेवत होती.

डॉक्टर भांड्यात पूड ओतू लागला. आकडीनं तोंड उघडलं. इतक्या वर्षांची जीभ, अख्ख्या नळाला गप्प करणारी, टाळूला चिकटून बसली. तिला डॉक्टरकडे बघून बोलता येईना, सुनेकडे बघून तर नाहीच. पूड काळ्या धारेनं भांड्यात पडत होती. मग ती बोलली, पण कोपऱ्याकडे बघून.

“लांबकाने, सांग डॉक्टरला. सांग, म्हातारीनं तुलाही घातला म्हणावं.”

डॉक्टरचा हात थांबला. “आजी, शेळीशी काय बोलताय? माझ्याशी बोला.”

“सांग म्हणावं,” आकडी पुढे म्हणाली, तिचा आवाज फाटला होता, “कुणी सुटलं नव्हतं. गाठ सैल नव्हती. म्हातारीनं सोडली. दोरीला टांगला पाला. काळीनं खाल्ला न् तूही खाल्लास.”

सून पाण्यात उभी होती. डॉक्टरला अर्थ लागायला एक क्षण गेला. मग तो उठला, लांबकानीला नळी लावली आणि ऐकता ऐकताच म्हणाला, “हिचा ठोका अजून बरा आहे. पूड हिला.”

“आणि काळी?” सुनेनं विचारलं.

डॉक्टरनं काळीकडे बघितलं आणि मग आकडीकडे. पूड दोघींना पुरणारी नव्हती. त्यानं तोंडानं विचारलं नाही, पण वाट बघितली. आकडीनं काळीचे कान मागे सारले, जसे ती रोज सारायची.

“गाभणीला द्या,” ती म्हणाली.

मग कुणाला बोलायला सवड झाली नाही. लांबकानीला धक्का न लावता धरायचं, मान वर करायची, नळी घशात उतरवायची, आणि तिनं धडपड करता कामा नये. आकडीनं काळीचं डोकं हळूच खाली ठेवलं, पण तिचा हात वर जात नव्हता, सुनेनं धरलं. गुडघ्यांत घेऊन, गाल तिच्या गालाला लावून, कानात काहीबाही पुटपुटत. आकडी शेजारून ऐकत होती, पण शब्द कळत नव्हते. काळं पाणी थेंब-थेंब आत गेलं. या धांदलीत काळी कधी गेली ते कुणी पाहिलं नाही. दात खाण्याचा आवाज थांबला म्हणून सगळ्यांनी वळून बघितलं.

डॉक्टर गेला. जाताना सांगून गेला की हिनं रवंथ केलं तर समजा वाचली; नाही केलं तर मला बोलवायला येऊ नका, उपयोग नाही. इस्त्रीवाल्यानं पोतं उचललं, खोल खड्डा काढून पुरतो म्हणाला. काळीलाही तोच घेऊन गेला.

मग दोघी बसल्या. ही या भिंतीला, ती त्या भिंतीला, मध्ये लांबकानी. ऊन पत्र्यावरून उतरून गोठ्यात शिरलं, बादलीचं पाणी वाळलं. चूल पेटली नाही. फोन वाजला आणि वाजून थांबला. लांबकानी एकदा थरथरली तेव्हा दोघींचे हात एकाच वेळी पुढे झाले, आणि एकाच वेळी मागे आले. दमवायचं नव्हतं ना.

ऊन कलायला लागलं तेव्हा लांबकानीच्या गळ्यातून एक गोळा वर सरकताना दिसला. तिनं गाल फिरवला. थांबली. परत फिरवला, आणि मग फिरवतच राहिली.

आकडीनं डोळे पुसले. सुनेनं पुसले नाहीत. इतका वेळ तिनं काहीतरी धरून ठेवलं होतं, ते आता सुटलं.

“मला विचारायचं होतंत,” ती म्हणाली.

“तू मला सांगायचं होतंस.”

“सांगितलं होतं.”

“काळीला सांगितलंस.”

“तुम्ही तिथंच बसला होतात.” सुनेचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर आकडीला सोपं गेलं असतं. “मी म्हटलं, ड्रममागच्या पोत्याला तोंड लावायचं नाही. आई, हे तुम्ही ऐकलं होतंत की नव्हतं?”

आकडी भिंतीला हात टेकून उठली. मांडीवर काळीची लाळ वाळून कडक झाली होती, ती तिनं नखानं खरवडली. सून उत्तरासाठी मान वर करून बघत होती. लांबकानीचा गाल फिरत होता; ‘ऐकलं होतं’ हे आता तिच्याकडे बघूनही आकडीला म्हणता येईना. आकडी तिला वळसा घालून निघाली, चुलीजवळून, पुढच्या खोलीतून, आणि पायात काही न घालता रस्त्यावर गेली.